जीवाची लिपी वाचणारे प्राध्यापक



वैशाखाचे ऊन दिवसभर सोसल्यावर, संध्याकाळी जरा वारा सुटताच गच्चीवर पथारी टाकावी, ही आपल्या देऊळगावच्या माणसाची साधी इच्छा असते. ती बाजूस सारून आपण येथे येऊन बसला आहात, आणि तेही बायोइन्फर्मॅटिक्स नावाच्या विषयासाठी! चालकांनी पत्रिकेवर त्याचे 'जैवमाहितीशास्त्र' असे मराठी नाव छापले आहे. ते पाहून विषय सोपा झाला असेल असे आम्हांस वाटत नाही. म्हणून आम्ही आज एक युक्ती योजिली आहे. ह्या शास्त्राची व्याख्या सांगत न बसता, ज्यांनी ते महाराष्ट्रात रुजविले अशा एका अध्यापकाच्या कामामागून आपण चालत जाऊ. ते अध्यापक म्हणजे डॉ. अशोक कोळस्कर. पुणे विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून, २००१ ते २००६ ह्या काळात, त्यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी वर्तमानपत्रांतून वाचले असेल. आम्हांस मात्र सांगायचे आहे ते त्या खुर्चीविषयी नव्हे, तर त्यापूर्वीच्या पंचवीस-तीस वर्षांच्या कामाविषयी.

त्यांचे बालपण, घरदार ह्यांविषयी आम्ही काही बोलणार नाही. शास्त्रज्ञाचे चरित्र त्याने विचारलेल्या प्रश्नांत असते, असे आमचे मत आहे. आणि कोळस्करांचा प्रश्न आरंभापासून जवळजवळ एकच होता: अक्षरांची रांग हाती आली, तर तिच्यावरून आकार सांगता येईल काय?

कसली अक्षरे, असे आपण विचाराल. आपल्या शरीरात रक्तापासून केसांपर्यंत जी प्रथिने आहेत, ती सर्व अमिनो आम्लांच्या माळा होत. मणी वीस प्रकारचे. ह्या विसांतून कोणता मणी कोणत्या जागी आला, ह्यावर ते प्रथिन इन्सुलिन होणार की केसातले केराटिन, हे ठरते. १९५५ साली फ्रेडरिक सँगर ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने इन्सुलिनची माळ पहिल्या मण्यापासून शेवटपर्यंत वाचून पूर्ण केली. मणी अवघे ५१, पण त्या वाचनाला कित्येक वर्षे लागली. प्रथिनांच्या ह्या माळा कशा ओवायच्या, याची आज्ञा डीएनएमध्ये लिहिलेली असते. तिची लिपी आणखी आटोपशीर, अक्षरे चारच. पुढे वाचण्याची यंत्रे सुधारली आणि वाचन इतके वेगाने होऊ लागले की अर्थ लावणारे मागे पडले. पोथ्या ढीगभर, पण त्या लावणारा शास्त्री एखादाच, अशी स्थिती झाली. त्या ढिगात शिरून गणिताच्या व संगणकाच्या साह्याने अर्थ लावणे, हेच हे नवे शास्त्र. 'बायोइन्फर्मॅटिक्स' हा शब्द १९७० साली हॉलंडमधल्या पाउलिन होखेवेख व बेन हेस्पर ह्या दोघांनी प्रचारात आणला. काम मात्र शब्दाच्या आधीच सुरू झाले होते, आणि त्यातील एक मोठा वाटा आपल्या देशात उचलला गेला होता.

तो वाटा जी. एन. रामचंद्रन ह्यांचा. मद्रासला असताना १९६३ साली त्यांनी रामकृष्णन व शशिशेखरन ह्या सहकाऱ्यांसह एक नकाशा काढला. माळेतील प्रत्येक मण्यापाशी दोन बिजागऱ्या असतात, असे समजा. त्या कोणत्याही कोनात फिरू शकतील काय? नाही. काही कोनांत शेजारचे अणू एकमेकांवर आदळतात. आदळणारे कोन वगळले की उरलेल्या मोकळ्या जागा कागदावर चितारता येतात. हा एक चौकोनी कागद आज जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत रामचंद्रन-आलेख ह्या नावाने वापरला जातो. कोणी नव्या प्रथिनाचा आकार काढला असे म्हणाला, की पहिली तपासणी ह्या कागदावर होते. ज्या काळी संगणक मिळणे दुरापास्त होते त्या काळी हे काम झाले, ही गोष्ट आमच्या तरुणांनी ध्यानात ठेवावी. साधने नाहीत म्हणून रडणाऱ्यांना आम्ही नेहमी हाच आलेख दाखवितो.

रामचंद्रन पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि तेथे त्यांच्या हाताखाली जे तरुण तयार झाले त्यांत कोळस्कर होते. १९७४ साली गुरू, दोन ज्येष्ठ सहकारी आणि हा तरुण अशा चौघांच्या नावाने एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय दिसायला अगदी रुक्ष. दोन अमिनो आम्ले जेथे जोडली जातात तो पेप्टाइड-घटक: त्यातील बंधांची लांबी किती, कोन किती, हे जगभर निरनिराळ्या लोकांनी स्फटिकांवरून मोजले होते. ती सर्व मोजमापे गोळा करून त्यांचे सरासरी माप काढणे, एवढेच काम. नवा प्रयोग एकही नाही. परंतु आम्हांस वाटते, पुढच्या साऱ्या वाटचालीचे बीज येथेच आहे. दुसऱ्यांनी मोजलेले विखुरलेले आकडे एकत्र आणावेत, ते पारखून घ्यावेत, आणि एकेकट्याला जे दिसले नव्हते ते समूहातून बाहेर काढावे, ही सवय बंगलोरला लागली व ती सुटली नाही.

नंतर कोळस्कर हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी केंद्रात गेले. तेथे १९८५ साली रेड्डी ह्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी जिवाणूंच्या डीएनएतून प्रथिनाची आज्ञा असलेला भाग ओळखण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. ही अडचण काय आहे ते मोडी जाणणाऱ्या माणसाला चटकन कळेल. आपल्या भागात जाधवांच्या, देशमुखांच्या, जुन्या कुळकर्ण्यांच्या घरी मोडीचे रुमाल असत. मोडीत लेखणी उचलावयाची नाही. ओळ आखली की शब्दामागून शब्द सलग चालले. कोठे शब्द संपला व कोठे दुसरा लागला, याची खूण नाही. नवशिक्याला ते नुसते वेटोळे दिसते. मुरलेला वाचक कसा वाचतो? 'राजश्रिया विराजित' नंतर काय येणार, कोणते अक्षर कोणाच्या शेजारी वारंवार बसते, ह्याचा त्याला अंदाज असतो. डीएनएची ओळही तशीच सलग. तीन तीन अक्षरांचा एक शब्द, पण पहिले अक्षर कोठून मोजावयाचे? एक अक्षर पुढे सरकलात की सारे शब्द बदलले. आज्ञा असलेल्या भागात कोणती त्रिके अधिक येतात, नसलेल्या भागात कोणती, ह्या वारंवारतेवरून ओळ कोठे तोडावी ते ठरविण्याचे प्रयत्न त्या काळी जगभर चालले होते. हैदराबादचे काम हा त्यांपैकीच एक.

आता पुण्याकडे येऊ, कारण खरा संसार तेथे मांडला गेला. १९८६ साली भारत सरकारने जैवतंत्रज्ञानासाठी निराळा विभाग स्थापिला. त्या विभागाने देशातील काही निवडक ठिकाणी माहितीकेंद्रे उघडली. १९८७ मध्ये पुणे विद्यापीठाला त्यांपैकी एक मिळाले. गणेशखिंडीतील त्या आवारात बायोइन्फर्मॅटिक्सचे केंद्र उभे राहिले आणि कोळस्कर त्याचे सूत्रधार झाले. त्या वेळी इंटरनेट आपल्याकडे यावयाचे होते. परदेशातील अनुक्रम-पेढ्या, म्हणजे वाचलेल्या डीएनएचे खाते ठेवणाऱ्या संस्था, चुंबकीय फितींवर माहिती भरून टपालाने पाठवीत. फीत आली की ती यंत्रावर चढवायची, उतरवून घ्यायची, मग मागेल त्याला द्यायची. एखाद्या दूरच्या महाविद्यालयातील अध्यापकाने पत्र पाठवावे, 'अमुक प्रथिनाची माळ हवी,' आणि केंद्राने ती शोधून कळवावी. हे काम ग्रंथपालाचे आहे, संशोधकाचे नव्हे, असे म्हणणारे लोक तेव्हाही होते व आजही आहेत.

ह्या आक्षेपाचा आम्ही जरा विचार करू इच्छितो, कारण आपल्या विद्वानांच्या मनात संग्रहाविषयी एक सूक्ष्म तुच्छता असते. पुण्यातच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतक वर्षे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यात घालविली. देशभरातून हस्तलिखिते मागवावयाची, श्लोकाखाली श्लोक मांडावयाचा, कोणत्या प्रतीत कोणता शब्द बदलला, ह्यावरून कोणती प्रत कोणत्या प्रतीची लेक व कोणती नात हे ठरवावयाचे. सुकथनकरांसारख्या पंडिताने त्यात आयुष्य ओतले. त्या कामाला आम्ही कारकुनी म्हणत नाही. मग एका विषाणूच्या पन्नास नमुन्यांची अक्षरे एकाखाली एक मांडून त्यांची वंशावळ काढणे हे तरी कारकुनी कसे? पद्धत अगदी तीच. प्रतिकार लेखक माणूस होता, येथे तो विषाणू आहे, आणि नक्कल करताना दोघेही चुकतात. त्या चुकांवरूनच घराणे कळते.

पुण्याच्या केंद्राने प्राण्यांना व माणसांना होणाऱ्या विषाणूंची एक माहितीपेढी बांधली. 'ॲनिमल व्हायरस इन्फर्मेशन सिस्टिम' असे तिचे नाव. विषाणूचा आकार, घडण, तो कोणाला होतो, कोण पसरवितो, हे सर्व ठराविक रकान्यांत संगणकावर चढविलेले. १९९२ साली कोळस्कर व त्यांचे सहकारी नाईक ह्यांनी ह्या नोंदींचा विषाणूंच्या वर्गीकरणाला कसा उपयोग होतो, ते एका निबंधात मांडले. विषाणूच का निवडले, ह्याचे एक साधे उत्तर भूगोलात असावे. त्याच पुण्यात १९५२ सालापासून विषाणू संशोधनाची संस्था आहे, जिला आज आपण राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतो. इकडे गणित जाणणारे, तिकडे रोग्यांच्या रक्तातून विषाणू वेगळा काढणारे, आणि मध्ये काही मैलांचा रस्ता. विज्ञानात शेजाराचे महत्त्व फार असते.

विदर्भातील श्रोत्यांपुढे चांदीपुरा हे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे बरोबर होणार नाही. नागपूरजवळचे हे गाव. १९६५ साली तेथील ताप आलेल्या दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या संस्थेने एक नवा विषाणू मिळविला व त्याला गावाचेच नाव दिले. गावाला नको तो मान मिळाला! विषाणूची नोंद झाली, नमुना जपून ठेवला गेला, आणि मग पुष्कळ वर्षे त्याची फारशी कोणाला आठवण राहिली नाही. २००३ च्या पावसाळ्यात आंध्रप्रदेशात मुलांना अचानक ताप येऊन, झटके येऊन, एक-दोन दिवसांत ती दगावू लागली. ३२९ मुलांना लागण झाली, त्यांतील १८३ गेली. महाराष्ट्रातही त्या वर्षी मुले गेली. कारण कोणते? जपानी मेंदूज्वर असावा अशी पहिली शंका. पुण्याच्या संस्थेने नमुने तपासले, विषाणूच्या बाह्य प्रथिनाच्या जनुकाचा तुकडा वाचला, आणि तो १९६५ च्या चांदीपुऱ्याच्या नमुन्याशी ताडून पाहिला. शंभरांत सुमारे सत्त्याण्णव अक्षरे जुळली. अडतीस वर्षे जपलेली एक जुनी नोंद नसती, तर ही नवी अक्षरे कोणाशी जुळवून पाहिली असती? संग्रहाला कारकुनी म्हणणाऱ्यांना आम्ही हा एकच प्रश्न विचारतो. ती मुले त्याने परत आली नाहीत, हे खरे. परंतु शत्रू कोण हे कळले, तो वाळूमाशीतून पसरतो हे ध्यानात आले, आणि फवारणी कोठे करावयाची ते ठरविता आले.

आता कोळस्करांच्या ज्या कामामुळे त्यांचे नाव जगभर झाले, त्याकडे वळू. १९९० साली 'फेब्स लेटर्स' ह्या नियतकालिकात त्यांचा व प्रसाद टोणगावकर ह्यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. पाने अगदी मोजकी. प्रश्न असा: शरीरात विषाणू शिरला की रक्तात त्याच्या विरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. हे प्रतिपिंड विषाणूच्या सबंध प्रथिनाला धरीत नाही. त्याच्या पृष्ठभागावरील एखाद्या लहानशा जागेला धरते. कुस्तीतील मल्ल जसा नेमकी पकड शोधतो, तसे. ही पकडीची जागा माळ वाचूनच सांगता आली, तर लस करणाऱ्याचे व रोगनिदान करणाऱ्याचे कितीतरी श्रम वाचतील.

त्यांनी काय केले, ते आपण आपल्या बालाजीच्या यात्रेवरून समजून घेऊ. समजा, यात्रेच्या एकंदर गर्दीत शंभरांपैकी दहा जणांच्या खांद्यावर उपरणे आहे. परंतु मंदिराच्या दाराशी जो घोळका आहे त्यात शंभरांपैकी वीस जणांच्या खांद्यावर ते दिसले. तर उपरणेवाल्याचा दाराकडे ओढा दुप्पट आहे, असे आपण म्हणू. ओढ्याचा आकडा २. दाराशी जर पाचच सापडले, तर आकडा अर्धा. प्रयोगाने सिद्ध झालेल्या पकडीच्या जागा त्यांनी वाङ्‌मयातून गोळा केल्या. विसांपैकी प्रत्येक अमिनो आम्ल त्या जागांत किती वेळा येते व प्रथिनाच्या पृष्ठभागावर एरवी किती वेळा येते, ह्यांचा भागाकार केला. वीस आम्लांचे वीस आकडे. बंगलोरची जुनी सवय येथे पुन्हा दिसते.

आणि निष्पन्न काय झाले? सिस्टीन, व्हॅलिन व ल्यूसिन ह्या तिघांचे आकडे सर्वांत वर: १.४१२, १.३८३ व १.२५०. हे तिघे पाण्याला बिचकणारे. ते बहुधा प्रथिनाच्या पोटात दडून बसतात. तेव्हा प्रतिपिंडाला भेटण्याचा त्यांचा संभव कमी, असे कोणीही म्हटले असते. पण जेव्हा ते पृष्ठभागावर येतात तेव्हा पकडीच्या जागेत असण्याचा त्यांचा संभव अधिक, असे आकड्यांनी दाखविले. उंबऱ्याबाहेर सहसा न पडणारी माणसे एकदा बाहेर दिसली की सर्वांचे लक्ष वेधून घेतात, तशातला प्रकार! सुमारे ७५ टक्के वेळा आपले भाकीत बरोबर येते, असे लेखकांनी लिहिले. पद्धत एकाच आकड्यावर उभी असल्याने ती कोणालाही वापरता येण्यासारखी होती, आणि तिचा प्रसार होण्यास हेच कारण झाले. आजही संगणकावरील अनेक साधनसंग्रहांत कोळस्कर-टोणगावकर पद्धत ह्या नावाने ती आहे. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा त्या विषाणूची अक्षरे प्रसिद्ध होताच ठिकठिकाणच्या संशोधकांनी लशीसाठी पकडीच्या जागा शोधताना इतर साधनांबरोबर ही तीस वर्षांची जुनी पद्धतही हाती घेतली.

येथे आरती ओवाळून थांबणे सोपे आहे. पण श्रोत्यांनी पुरी हकीकत ऐकावी. २००५ साली ब्लाइथ व फ्लॉवर ह्या दोघांनी, आकड्यांचा असा ओढा मोजणाऱ्या शेकडो तक्त्यांची एकत्र परीक्षा घेतली, आणि अशा पद्धती नाणे उडविण्यापेक्षा फारशा सरस नाहीत असा कडू निर्णय दिला. म्हणजे ७५ टक्के खोटे होते काय? आम्ही तसे म्हणणार नाही. ज्या नमुन्यावर पद्धत बसविली त्याच्या जवळपासचे नमुने तिला चांगले सुटतात. परके नमुने पुढे आले की ती अडखळते. शाळेतला मुलगा पुस्तकातली उदाहरणे सोडवितो आणि परीक्षेत तशाच पण जरा वळण दिलेल्या उदाहरणाशी थबकतो, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

अडचण आणखी खोल आहे. फेट्याचे कापड घ्या. जमिनीवर पसरले तर त्याचे एक टोक येथे, दुसरे पंधरा हातांवर. तेच डोक्यास बांधले की दूरच्या घड्या शेजारी येतात. प्रथिनाची माळही अशीच गुंडाळलेली असते, आणि प्रतिपिंड पाहते ते बांधलेल्या फेट्याला, पसरलेल्या कापडाला नव्हे. पकडीच्या बहुतेक जागा माळेतील दूरदूरचे मणी शेजारी येऊन झालेल्या असतात. सलग अक्षरे मोजणारी पद्धत त्यांना कशी ओळखणार?

ही मर्यादा पुण्याच्या मंडळींच्याही ध्यानात होती, हे त्यांच्या पुढील कामावरून स्पष्ट दिसते. १९९९ साली 'व्हायरॉलॉजी' ह्या नियतकालिकात कोळस्कर व डॉ. ऊर्मिला कुलकर्णी-काळे ह्यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवरील आवरण-प्रथिनाचा त्रिमिती आकार संगणकावर उभा केला. त्या प्रथिनात ५०० मणी. त्याचा आकार तोवर कोणी प्रयोगाने काढला नव्हता. पण त्याच्या कुळातल्या, गोचिडीतून पसरणाऱ्या युरोपीय मेंदूज्वराच्या विषाणूचा १९९५ साली निघाला होता. चुलतभावाचा चेहरा समोर ठेवून ह्या भावाचे चित्र काढावे, तसे त्यांनी केले व त्यावर पकडीच्या जागा दाखविल्या. २०१२ साली जपानी मेंदूज्वराच्या ह्या प्रथिनाचा स्फटिकावरून प्रत्यक्ष आकार प्रसिद्ध झाला, तेव्हा कुळाची ती तीन खंडांची ठेवण तेथेही दिसली. २००५ मध्ये, म्हणजे ब्लाइथ-फ्लॉवरांचा तो कडू निर्णय ज्या वर्षी आला त्याच वर्षी, पुण्याहून 'सीईपी' नावाची पद्धत प्रसिद्ध झाली. ती बांधलेल्या फेट्यावरून पकडीची जागा सांगणारी होती, आणि ती कोणासही संगणकावरून फुकट वापरता येत असे. ध्यानात घ्या, कोळस्कर तेव्हा कुलगुरू होते. ज्याला काम येते त्याला कामावरून उचलून कारभारात बसवावयाचे, ही आपल्या समाजाची खोड आम्हांस आवडत नाही; तरी ह्या माणसाने खुर्चीतही टाक खाली ठेवला नाही, याचे आम्हांस कौतुक वाटते.

मग ह्या गणितातून जपानी मेंदूज्वराची लस निघाली काय? नाही. २००५ साली गोरखपूरच्या बाजूस ह्या रोगाने हजाराहून अधिक बळी घेतले आणि पुढच्या वर्षी मुलांना जी लस टोचण्यात आली ती चीनमधून आणलेली, विषाणूला दुर्बळ करून बनविलेली. २०१३ मध्ये आपल्या देशात जी तयार झाली तिच्यासाठी कोलारचा एक विषाणू पुण्याच्या संस्थेने दिला होता. ती मेलेल्या विषाणूची. दोन्ही जुन्या मार्गाच्या. संगणकाने दाखविलेल्या जागेपासून बाळाच्या दंडापर्यंतची वाट लांब आहे, आणि ती प्रयोगशाळेतून, प्राण्यांतून, मग माणसांतून जाते. संगणकावर लस शोधली, असे वर्तमानपत्रात वाचले की आपण इतकेच विचारावे: रक्तात तपासली का?

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ह्याच शास्त्राच्या नावावर २००० च्या आसपास मोठा बाजार भरला होता. मानवी जीनोम वाचल्याच्या बातम्या आल्या आणि गल्लोगल्ली बायोइन्फर्मॅटिक्सच्या पदविका विकल्या जाऊ लागल्या. चार महिने संगणकाची बटणे शिकावयाची व परदेशी नोकरी मिळवावयाची, असा भाव. पुष्कळ आईबापांनी शेत गहाण टाकून फी भरली. मुलांच्या हाती कागद आला, नोकरी आली नाही. पुण्याच्या केंद्रानेही पदविका व पुढे एम. एस्सी. शिकविली, पण तेथे दाखल होणाऱ्यास गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घासून घ्यावे लागे. ह्या सभेत ज्यांची मुले बारावीला आहेत त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो: मुलाला संख्याशास्त्राची गोडी असेल व बेडकाचे चित्र काढायलाही कंटाळा येत नसेल, तर त्याला ह्या वाटेने अवश्य जाऊ द्या. दोहोंपैकी एकाचा जरी तिटकारा असेल, तर पैसे वाचवा.

आणि हे शास्त्र पुण्यामुंबईचे, आपला त्याच्याशी संबंध काय, असे कोणी म्हणू नये. आपल्या तालुक्यात शेडनेटखाली भाजीपाल्याच्या बियाण्यांचे प्लॉट घेतले जातात. बायाबापड्या सकाळपासून फुलाफुलाला हाताने पराग लावतात. माल कंपनीकडे गेला की शेतकरी जीव मुठीत धरून बसतो, शुद्धतेत पास होतो की नापास. पूर्वी ते बी पेरून, झाड वाढवून पाहावे लागे. आता बियाच्या डीएनएतील ठराविक खुणा ताडून ते लवकर कळू शकते. ज्या खुणा ताडायच्या त्या शोधून काढणे हे ह्याच शास्त्राचे काम. निकाल कशावरून दिला, कोणत्या खुणा तपासल्या, हे विचारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे असे आमचे मत आहे. पण विचारण्यासाठी त्याला खूण म्हणजे काय ते माहीत पाहिजे. तसेच आपल्या जिल्ह्यातले लोणार. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा कोणी शकुन म्हणाले, कोणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग असल्याचे सांगितले. अशा जीवांची ओळख त्यांच्या जनुकांची अक्षरे जगाच्या पेढीतील अक्षरांशी ताडूनच पक्की करता येते.

ती पेढी मात्र पुष्कळ वर्षे परदेशातच होती. आपल्या मातीतले जीव, आपल्या मुलांच्या रक्तातले विषाणू, आणि त्यांचे खाते अमेरिकेत, युरोपात वा जपानात. खाते सर्वांस खुले होते, हा त्या लोकांचा मोठेपणा. तरी घरचे दप्तर घरी असावे, ह्या विचाराने फरीदाबादला २०२२ च्या नोव्हेंबरात भारतीय जैविक माहितीकेंद्र सुरू झाले. १९८७ साली फिती चढविणारे पुण्याचे केंद्र आणि हे फरीदाबादचे दप्तर ह्यांमध्ये पस्तीस वर्षांचे अंतर आहे. एवढा उशीर का लागला, ह्याचे उत्तर आम्ही राज्यकर्त्यांवरच ढकलणार नाही. नोंदी ठेवणाऱ्याला आपण मान देत नाही, पगारही देत नाही. मग नोंदी ठेवणार कोण?

वेळ संपत आली आहे व प्रश्नोत्तरांसाठी थोडा अवधी ठेवला पाहिजे. शाळेतील काही मुले पुढे बसली आहेत, त्यांच्यासाठी एक उदाहरण सांगतो. कोळस्कर-टोणगावकरांचे गणित करण्यास संगणक लागत नाही. सँगरने वाचलेल्या इन्सुलिनच्या दोन साखळ्यांपैकी मोठीत ३० मणी आहेत. आरंभीचे सात असे: फेनिलअलानिन, व्हॅलिन, अस्पॅराजिन, ग्लुटामिन, हिस्टिडिन, ल्यूसिन, सिस्टीन. त्यांचे आकडे अनुक्रमे १.०९१, १.३८३, ०.७७६, १.०१५, १.१०५, १.२५० व १.४१२. बेरीज ८.०३२, तिला सातांनी भागले की १.१४७. हा आकडा मधल्या, म्हणजे चौथ्या मण्याच्या नावे लिहावयाचा. मग एक मणी पुढे सरकून पुन्हा सात घ्यावयाचे. अशा एकूण २४ बेरजा होतात. पहिली आम्ही करून दाखविली. विसांच्या आकड्यांचा तक्ता आणि साखळीची प्रत व्यासपीठाच्या डाव्या बाजूस टेबलावर ठेवली आहे. ज्यांस उरलेल्या २३ करावयाच्या असतील त्यांनी कागद घेऊन जावा, आणि ज्यांस काही विचारावयाचे असेल त्यांनी आता विचारावे.